पांढरे टॉवर की काळी खोकी?

प्रश्न : आम्ही ठाण्यात मानपाड्याजवळ राहतो. घरात मी, नवरा, चार वर्षांची मुलगी आणि गेल्या दिवाळीपासून माझे वडील. बाबांना गाण्याचं वेड आहे. नाट्यसंगीत, अभंग, जुनी भावगीतं रोज ऐकतात, पण सध्या टीव्हीच्या स्पीकरवर. भावाने त्याचा ५० वॉटचा ॲम्प्लिफायर आम्हाला दिला, तेव्हा स्पीकरही चांगले घेऊ असं ठरलं. बजेट ३५ हजार. दोन जोड्या बघून ठेवल्या आहेत, किंमत जवळजवळ सारखीच. एक उंच, सडपातळ, पांढरी चकचकीत टॉवरची जोडी, प्रत्येकात चार इंची दोन वूफर, म्हणजे खालचा आवाज देणारे गोल भाग. आमच्या हॉलला अगदी शोभून दिसेल अशी. दुसरी साधी काळी, बुकशेल्फ म्हणतात ती, साडेसहा इंची एक वूफर. दुकानात पांढरे लावले तेव्हा आवाज एकदम खुलला असं मला आणि नवऱ्याला वाटलं. बाबा मात्र काळ्यांपाशी थांबले आणि म्हणाले, “यात शब्द कळतायत.” नवरा म्हणतो, एवढा खर्च करून हॉल सजवला, त्यात ही खोकी नकोत. टीव्ही युनिटमध्ये सुताराने स्पीकरसाठी दोन कप्पे केलेत, त्यात काळे बसतीलही. हॉल १० बाय १६ फूट आहे. पत्रकावर पांढऱ्यांची सेन्सिटिव्हिटी ८९ डेसिबल आणि काळ्यांची ८६ लिहिली आहे, त्याचा अर्थ कळला नाही. खरं सांगायचं तर मलाही पांढरेच आवडलेत आणि त्याचं वाईट वाटतंय. स्पीकर घेताना दिसण्याचा विचार करणं हा उथळपणा आहे का?

उत्तर : नाही, मुळीच नाही. वाईट वाटून घेऊ नका. स्पीकर वाजतो दिवसातून दोन-तीन तास आणि दिसतो दिवसभर. हप्ते भरून घेतलेल्या घरात रोज डोळ्यांसमोर काय असावं हे ठरवायचा हक्क तुम्हाला आहे, तुमच्या यजमानांनाही आहे. “आवाज चांगला असेल तर दिसण्याचं काय घेऊन बसलात?” असं म्हणणारे हौशी लोक भेटतील. ते बहुधा एका खोलीचं दार लावून एकटेच ऐकतात. तुमचा हॉल सगळ्यांचा आहे. तिथे मुलगी खेळते, पाहुणे बसतात, बाबा गाणी ऐकतात.

पण दिसण्याचा विचार कुठल्या टप्प्यावर करायचा, याला महत्त्व आहे. तुमच्या बाबतीत तो चुकीच्या टप्प्यावर शिरलाय असं मला वाटतं. दुकानात ऐकताना तो मध्ये आला, आणि घरात स्पीकर कुठे ठेवायचे हे ठरवताना मात्र कुणी त्याचा विचारच केलेला दिसत नाही. खरं तर उलट हवं होतं.

आधी दुकानाचं बघू. डोळे कानांना फसवतात, आणि जाणकारांनाही फसवतात. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोन संशोधकांनी १९९४ मध्ये याची नीट चाचणी घेतली होती. हार्मन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतल्याच ४० जणांना त्यांनी चार स्पीकर ऐकवले. एकदा पडद्याआड ठेवून, एकदा समोर दिसतील असे. त्यात मोठे, महागडे, देखणे स्पीकर होते आणि एक छोटा स्वस्त संचही होता. पडद्याआड त्या छोट्या संचाला बऱ्यापैकी गुण मिळाले. पडदा काढल्यावर त्याचे गुण घसरले आणि मोठ्यांचे वाढले. ऐकण्याचा अनुभव असलेले लोकही यातून सुटले नाहीत. या चाचणीतली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. स्पीकरची जागा बदलली की आवाज बदलतो, हा फरक लोकांना पडद्याआड ऐकताना कळत होता. स्पीकर समोर दिसायला लागल्यावर तोच फरक त्यांच्या फारसा लक्षात येईना.

तेव्हा तुम्हाला पांढऱ्यांचा आवाज खुललेला वाटला यात तुमच्या कानांचा दोष नाही. त्यातला काही भाग डोळ्यांचा आणि काही भाग त्या ८९ आणि ८६ चा. सेन्सिटिव्हिटी म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर एक मीटरवर स्पीकर किती जोरात वाजतो ते. तीन डेसिबलचा फरक म्हणजे काळ्यांना तेवढ्याच जोरात वाजवायला दुप्पट वॉट लागतात. दुकानदाराने एकाच ॲम्प्लिफायरवर, बटण न हलवता, नुसती जोडी बदलून ऐकवली असेल तर पांढरे सरळ सरळ मोठ्याने वाजले. आणि दोन स्पीकरमध्ये जो थोडा मोठ्याने वाजतो तो आपल्याला हमखास चांगला वाटतो. खुलला, भरला, जिवंत वाटला, असं आपण म्हणतो. म्हणायचं असतं नुसतं ‘मोठा वाटला’.

हा आकडा बघून काळे कमजोर आहेत असंही समजू नका. तुमच्या हॉलमध्ये नेहमीच्या आवाजात ऐकायला पाच वॉटही पुरे होतात. ५० वॉट म्हणजे भरपूर झाले. ॲम्प्लिफायरच्या मागे किमान किती ओहमचे स्पीकर चालतील ते छापलेलं असतं (ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप), तेवढं मात्र वाचून जा. सडपातळ टॉवर पुष्कळदा चार ओहमचे असतात आणि प्रत्येक ॲम्प्लिफायरला ते झेपतातच असं नाही.

आता पुन्हा एकदा दुकानात जा, बाबांना घेऊन. शनिवारी संध्याकाळी नको, आठवड्यातल्या एखाद्या दुपारी, म्हणजे गर्दी नसेल आणि दुकानदारालाही वेळ असेल. फोनवर आवाज मोजायचं कुठलंही फुकट ॲप घ्या. त्याचे आकडे अगदी बरोबर नसतात, पण दोन जोड्यांची तुलना करायला पुरतात. फोन खुर्चीवर, कानाच्या उंचीला, एकाच जागी धरा. तेच गाणं, तोच तुकडा, आणि दोन्ही जोड्यांवर आकडा सारखा येईल असं बटण फिरवा. मग तुम्ही दोघं डोळे मिटून बसा, आणि कुठली जोडी लागली आहे ते न सांगता दुकानदाराला अदलाबदल करू द्या. तीन-चार वेळा करा. कुणी कुरकुर केली तर करू द्या, ३५ हजार तुमचे जाणार आहेत.

गाणी तुमची न्या. दुकानात जी वाजवतात ती दुकानासाठीच निवडलेली असतात. त्यात खाली ढोलासारखा बास, वर काचेसारखी झांज आणि मध्ये फारसं काही नाही. बाबांच्या आवडीचं सगळंच्या सगळं मधल्या भागात आहे. गायकाचा गळा, ऑर्गन, सारंगी, तबल्याची शाई, तंबोऱ्याची जवारी. काय ऐकायचं तेही सांगते. गाण्यात ‘श’, ‘स’, ‘च’ येतात तिकडे लक्ष ठेवा. जुन्या ध्वनिमुद्रणात मुळातच थोडी खरखर असते. वरची बाजू मुद्दाम उजळ केलेल्या स्पीकरवर ती खरखर पुढे येते आणि प्रत्येक ‘स’ शिट्टीसारखा टोचतो. पहिली पाच मिनिटं हाच उजळपणा स्वच्छ वाटतो. रोज दोन-तीन तास ऐकणाऱ्या माणसाला मात्र महिन्याभरात आवाज कमी करून ठेवावासा वाटतो. दुसरं, तबला. चाटेवरची बोटाची टिचकी आणि बायाँचा घुमारा हे दोन्ही एकाच माणसाच्या दोन हातांतून येतायत असं वाटायला हवं. घुमारा वेगळ्याच कोपऱ्यातून येत असेल किंवा नुसता ‘भुंऽऽ’ होत असेल, तर तो स्पीकर नको.

आणि एक चाचणी तर तुमच्या घरच्या संग्रहासाठीच केल्यासारखी आहे. बाबा ऐकतात त्यातलं साठच्या दशकापर्यंतचं बहुतेक ध्वनिमुद्रण मोनो आहे, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून अगदी तोच आवाज येतो. असं एखादं गाणं लावा आणि दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर बसा. गायक दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये, रिकाम्या हवेत, एकाच जागी उभा राहिला पाहिजे. तो फाकला, किंवा टिपेला गेल्यावर डावीकडे-उजवीकडे सरकायला लागला, तर त्या जोडीतले दोन स्पीकर एकमेकांशी जुळलेले नाहीत. ही परीक्षा पत्रकातला कुठलाही आकडा घेऊ शकत नाही.

बाबा म्हणाले “यात शब्द कळतायत”, ते मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी बास, ट्रेबल असलं काही म्हटलं नाही. मराठी गाणं ऐकणाऱ्याला जे हवं असतं तेवढंच एका वाक्यात सांगितलं. उद्याच्या चाचणीत डोळे मिटूनही ते तसंच म्हणाले, तर माझ्या दृष्टीने आवाजाचा प्रश्न तिथे संपला.

आता किंमत सारखी असून असं का होतं ते बघू. स्पीकरमध्ये डबा हा मोठ्या खर्चाचा भाग असतो. चकचकीत पांढरा रंग द्यायचा म्हणजे थरावर थर, मध्ये घासाई, शेवटी पॉलिश. घरी पीयूचं काम करून घेतलं असेल तर त्याचा दर तुम्हाला माहीत आहेच. काळ्यावर नुसती लाकडाच्या पोताची व्हिनाइलची फिल्म चिकटवलेली असते, ती स्वस्तात होते. दोघांची किंमत तेवढीच असेल तर रंगावर गेलेला पैसा कुठून तरी कमी केलेला असणार. तो वूफरमधून जातो, ट्वीटरमधून, म्हणजे वरचे सूर देणाऱ्या छोट्या भागातून जातो, नाहीतर आतल्या क्रॉसओव्हरमधून. क्रॉसओव्हर म्हणजे कुठला सूर वूफरकडे आणि कुठला ट्वीटरकडे पाठवायचा हे ठरवणारी सर्किट. ती दिसत नाही, म्हणून तिथे कात्री लावायचा मोह सगळ्यात जास्त होतो.

सडपातळपणाचीही किंमत असते. समोरची बाजू अरुंद ठेवायची तर मोठा वूफर बसत नाही, मग छोटे दोन लावतात. तुमच्या टॉवरमधले चार इंची दोन मिळून जेवढं क्षेत्रफळ होतं ते साडेसहा इंची एका वूफरच्या साधारण तीन चतुर्थांश भरतं. खालचा आवाज हा हवा हलवण्याचा खेळ आहे, त्यात उंचीचा उपयोग मर्यादितच. शिवाय स्वस्त टॉवरच्या उंच, पातळ बाजू स्वतःच थरथरतात आणि गाण्यात आपला सूर मिसळतात. बोटाच्या पेराने बाजूवर मधोमध वाजवून बघा. रिकाम्या डब्यासारखा ‘ढब’ आला तर आतून पुरेसे आधार नाहीत, ‘ठक’ आला तर बरं. ही परीक्षा ढोबळ आहे, तिच्यावर निकाल देऊ नका. बीबीसीने १९७० च्या दशकात आपल्या बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस३/५ए हा छोटा स्पीकर बनवला, त्याच्या भिंती मुद्दाम पातळ ठेवून आतून डांबरी थर चिकटवले होते. माणसाच्या बोलण्याचा आवाज तो इतका खरा देतो की आजही लोक तो शोधत फिरतात.

यावरून “जे साधं दिसतं तेच चांगलं वाजतं” असंही म्हणू नका. हाही डोळ्यांचाच घोटाळा आहे, फक्त उलट्या बाजूचा. यामाहाचा एनएस-१० हा १९७८ चा स्पीकर, काळा डबा आणि त्यात पांढरा शुभ्र वूफर. घरात तो फारसा चालला नाही, स्टुडिओंनी मात्र उचलून धरला. का, तर रेकॉर्डिंगमधल्या चुका त्यात झाकल्या जात नाहीत. स्टुडिओत वापरतात म्हणून घरी आणला तर जुनं नाट्यसंगीत त्यावर कानाला टोचेल. आणि देखणेपण दर वेळी आवाजाच्या मुळावर येतं असंही नाही. समोरच्या कडा गोलसर केल्या की आवाज त्या कडांवर आपटून विस्कटत नाही. बाजू वळणदार केल्या की आत सूर अडकत नाहीत. तुमच्या पांढऱ्या टॉवरच्या कडा गोल असतील तर तो गुणच समजा.

आता जागेचं. मला या पत्रात सगळ्यात जास्त कशाची काळजी वाटली असेल तर ती टीव्ही युनिटमधल्या कप्प्याची.

काळे घेतले आणि यजमानांना ते नजरेला खुपत राहिले, तर काय होईल ते सरळ आहे. पहिले आठ दिवस ते जागेवर राहतील. मग पाहुणे येणार म्हणून मागे सरकतील, मग कप्प्यात जातील, आणि कप्प्यात गेलेला स्पीकर परत बाहेर येत नाही. बुकशेल्फ स्पीकरला बहुधा मागच्या बाजूला एक गोल भोक असतं, त्यातून खालचा आवाज बाहेर पडतो. ते लाकडी कप्प्यात कोंबलं की आवाज आतल्या आत घुमतो आणि ज्यासाठी बाबांनी काळे निवडले ते शब्दच त्या घुमण्याखाली दबतात. पुस्तकांच्या फळीवर ठेवतात म्हणून बुकशेल्फ असं नाव पडलं असलं तरी बंद कप्पा त्यांना सोसत नाही. घरच्यांना आवडत नाही म्हणून कोपऱ्यात ढकललेला उत्तम स्पीकर, नीट जागी मोकळा उभा असलेल्या मध्यम स्पीकरपेक्षा वाईट वाजतो. म्हणून रूपाचा विचार मी तुमच्यासाठी फार गंभीरपणे करते आहे. जे सगळ्यांना बघवतं तेच हॉलमध्ये योग्य जागी टिकतं.

तुमच्या हॉलचं माप तुम्ही दिलंत ते बरं झालं. १० फुटांच्या रुंदीत ५६ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५६ कंपनांच्या आसपासचा खालचा सूर दोन भिंतींमध्ये अडकून मोठा होतो. छत साडेनऊ फुटांचं असेल तर उंचीतही ५९ च्या आसपास तेच होतं. दोन्ही आकडे शेजारीशेजारी, म्हणजे त्या पट्ट्यातला प्रत्येक ठोका तुमच्याकडे दुप्पट जोमाने येणार. तुमच्याकडे टीव्ही एका लांब भिंतीला आणि सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला असेल, ठाण्यातल्या बहुतेक हॉलमध्ये हेच असतं, तर स्पीकर आणि कान दोन्ही या सुराच्या सगळ्यात जोराच्या जागी बसलेत. त्यात खाली व्हिट्रिफाइड टाइल, एका बाजूला बाल्कनीची सरकती काच. हॉलमध्ये एक टाळी वाजवा. मागोमाग ‘टर्र’ असा पडसाद आला तर सोफ्यासमोर जाड सतरंजी आणि काचेवर भरपूर चुण्यांचा पडदा, एवढ्याने जो फरक पडेल तो १० हजार जास्त घालून घेतलेल्या स्पीकरनेही पडायचा नाही.

स्पीकर मागच्या भिंतीपासून एक फूट पुढे, बाजूच्या भिंतीपासून दोन फूट तरी लांब. दोघांमध्ये सहा फुटांचं अंतर, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाशी, म्हणजे जमिनीपासून साधारण तीन फुटांवर. तोंडं किंचित सोफ्याकडे वळवलेली. सोफा भिंतीपासून अर्धा फूट पुढे घेता आला तर घ्या. तो भिंतीला टेकलेलाच हवा असेल तर डोक्यामागे काच लावलेली फ्रेम नको, काही तरी जाड आणि मऊ हवं.

मग काळी खोकी देखणी कशी करायची? सगळ्यात आधी दुकानदाराला विचारा की हेच मॉडेल दुसऱ्या रंगात येतं का. कंपन्या बहुतेक वेळा तेच स्पीकर अक्रोडी किंवा पांढऱ्या फिल्ममध्येही काढतात आणि किंमत तीच असते, फक्त दुकानात काळेच मांडलेले असतात. मागवायला दोन-तीन आठवडे लागले तर लागू द्या.

तेही नसेल तर स्टँड. इथे तुमच्या यजमानांना पुढे करा, कारण हॉल सजवायची हौस त्यांना आहे. ज्या सुताराने टीव्ही युनिट केलं त्याच्याकडूनच, त्याच लॅमिनेटमध्ये, दोन फुटी स्टँड करून घ्या. खालची पाटी स्पीकरपेक्षा मोठी हवी, मधला खांब पोकळ ठेवून त्यात कोरडी वाळू भरायची. वाळूने स्टँड जड होतो आणि थरथरतही नाही. घरात चार वर्षांची मुलगी आहे, म्हणून स्पीकर आणि स्टँडमध्ये चारही कोपऱ्यांना पोस्टर चिकटवायच्या पुट्टीची गोळी दाबून बसवा. धक्का लागून पडायची हीच भीती टॉवरला जास्त आहे. उंच आणि अरुंद वस्तूला लहान मूल धरूनच उभं राहतं. टॉवर घेतलेत तर त्यांच्या तळाला मिळणारे रुंद पाय लावल्याशिवाय ठेवू नका. आणि कुठलेही घ्या, मुलीचं बोट ट्वीटरच्या घुमटावर पोचणार नाही यासाठी जाळी कायम लावलेली असू द्या. ट्वीटर एकदा दाबला गेला की तो पहिल्यासारखा होत नाही.

त्या जाळीचं कापडही बदलता येतं, आणि मला हा उपाय फार आवडतो. चौकट काढून घ्या, जुनं काळं कापड सोडवा, हॉलला जुळेल असं नवीन ताणून लावा. फक्त कापड विरळ विणीचं हवं. तोंडाजवळ धरून फुंकर मारा. पलीकडच्या तळहाताला वारा जवळजवळ तसाच लागला तर चालेल. इरकल, खण, पैठणीचा काठ कितीही सुंदर दिसला तरी घट्ट विणीचा असतो, तो ट्वीटरचा आवाज गिळून टाकेल. विरळ हातमागाचं सुती कापड नौपाड्यात मिळून जाईल. ते लावून, जुन्या जाळीच्या शेजारी एकदा ऐकून बघा.

स्पीकरच्या डोक्यावर मात्र काही ठेवू नका. फोटोची चौकट तडतडते, मनीप्लांटच्या कुंडीतलं पाणी झिरपतं. स्पीकरचा डबा बहुधा एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पाटीचा असतो; त्याला पाणी लागलं की तो फुगतो आणि परत बसत नाही. आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. टॉवर जमिनीवर उभा राहतो आणि आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते. खालची कड रोज थोडी थोडी ओली होत राहते, पावसाळ्यात ती वाळतही नाही. टॉवरच घेतलेत तर ते फरशीपासून बोटभर वर उभे राहतील असे पाय हवेत. पांढऱ्या चकचकीत रंगावर घोडबंदर रोडची धूळ दिसते आणि ती कोरड्या फडक्याने पुसली की बारीक ओरखडे येतात, हेही लक्षात असू द्या. वूफरची कड रबराची आहे ना, तेवढं दोन्ही जोड्यांत बघा. फोमची कड आपल्या दमट हवेत काही वर्षांत भुगा होऊन गळते.

माझं मत विचाराल तर काळे घ्या, शक्यतो दुसऱ्या रंगात, स्टँडवर, कप्प्याबाहेर. यजमानांना हे स्टँड आणि कापडासकट दाखवूनही पटत नसेल, आणि डोळे मिटून, सारख्या आवाजात बाबांनाही दोन्हींत फारसा फरक वाटला नाही, तर पांढरे घ्या आणि मनात काही न ठेवता घ्या. जे घरात सगळ्यांना हवंसं आहे, ते रोज लागेल. पण डोळे मिटून फरक कळत असेल, तर पांढऱ्यांचा आवाज नंतर सुधारायचा काही मार्ग नाही. “शंभर तास वाजू द्या, मग खुलतील” असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबून पैसे देऊ नका. दुकानात आवडलं नाही ते घरी आवडेल ही आशा महाग पडते. काळ्यांचं रूप मात्र तुमच्या हातात आहे.

दोन्ही जोड्या एकाच ठिकाणी ऐकायला मिळत नसतील तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा आणि लॅमिंग्टन रोडवर चौकशी करा. निवड झाल्यावर, अनामत ठेवून दोन दिवस घरी नेऊ देतील का तेही विचारा. तुमच्या हॉलमध्ये ऐकलेली दोन गाणी दुकानातल्या वीस गाण्यांपेक्षा जास्त सांगतील.

टीव्ही युनिटमधले कप्पे वाया जाणार नाहीत. एकात ॲम्प्लिफायर ठेवा, मागची पाटी कापून घ्या आणि वर चार बोटं जागा सोडा, तो तापतो. दुसऱ्यात बाबांच्या सीडी. आणि स्टँडची ऑर्डर घाईने देऊ नका. आठवडाभर स्पीकर दोन मजबूत स्टुलांवर ठेवून, खाली जाड पुस्तकं रचून उंची कमी-जास्त करून बघा, पुढे-मागे सरकवा. मुलगी हॉलमध्ये असताना ते तसे सोडू नका, ऐकून झालं की खाली उतरवा. बाबा सोफ्यावर त्यांच्या नेहमीच्या जागी बसलेले असू द्यात. त्यांना शब्द जिथे सगळ्यात स्पष्ट लागतील तिथे फरशीवर चिकटपट्टीने खुणा करा आणि सुताराला तीच उंची द्या.